केनियाची बॅग, केदारखेड्याचा डोळा

जायचं होतं केनियाला. गेले भोकरदन तालुक्यात.

हसा, हसा. आमचे हे तर पोट धरून हसले. मी डोळ्यांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून उभी हयात काढली आणि निवृत्त झाल्यावर घरात बसून करायचं काय, म्हणून एका डॉक्टरमंडळींच्या गटात नाव घातलं. हा गट दरवर्षी सुट्ट्या काढून परदेशात जातो. जिथे मैलोनमैल डोळ्यांचा डॉक्टर नाही तिथे मोतीबिंदूची ऑपरेशनं फुकट करून येतो. यंदा केनिया ठरलं होतं. पिवळ्या तापाची लस टोचून झाली, मोठी चाकांची बॅग आली, उन्हाची टोपी, डास पळवायच्या मलमाच्या ट्यूबा, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, सगळं भरून झालं. आणि तिथली कसलीशी परवानगी अडली.

गटाच्या प्रमुख डॉ. फरीदा. बोलणं मऊ, पण कामाला वाघीण. त्यांचा फोन आला, "सिस्टर, सगळ्यांनी रजा काढलेल्याच आहेत. त्या जालना जिल्ह्यात वापरू या. तिथेही वाट बघणारे लोक आहेत. येताय ना?"

"भोकरदनला व्हिसा लागतो का गं?" असं ह्यांनी विचारलंच. बॅग तीच ठेवली. उघडून पुन्हा भरायचा धीर झाला नाही, काहीतरी विसरलं तर?

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला आश्चर्य वाटणार नाही. काळजी करायला मला कारण लागत नाही. गॅस बंद केला का हे बघायला मी स्टेशनवरून घरी परत गेलेली बाई आहे. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण माझ्या आईने बहुधा मला पाळण्यात बघूनच म्हटली असणार.

नाशिक रोडहून सकाळी तपोवन धरली. जालन्याला जायला ही गाडी सोयीची, दुपारच्या जेवणाला पोचवते. आरक्षण मात्र आधी करा. संभाजीनगरला अर्धा डबा उतरतो आणि मग पाय पसरून बसता येतं. पावसाळा सरत आला होता. खिडकीबाहेर कपाशी कमरेएवढी झाली होती आणि मी मनातल्या मनात ऑपरेशन थिएटरचं सामान मोजत होते.

आमची सोय बसस्टँडजवळच्या एका लॉजवर होती. खोली स्वच्छ, गरम पाणी बादलीने, आणि खाली उतरलं की समोर नाश्त्याची गाडी. तिथे सुशीला मिळतो. मुरमुरे भिजवून फोडणीला टाकलेले, वर शेंगदाणे आणि लिंबू. पोह्यांना कायमचा रामराम करावा इतका छान लागतो. दुपारी कुठेही बसा, येसराची आमटी आणि भाकरी मागा. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्यांचं मसालेदार पीठ. आमटी तिखट असते, ताकाचा ग्लास आधीच मागवून ठेवा.

आमची गाडी चालवायला बाबूभाई होते. जालन्याचेच, पन्नाशीचे, पांढरी दाढी आणि गाडीच्या आरशाला लटकवलेली मोसंबी. ती वाळली की नवी लटकवायची. "बिलकुल टेन्शन घेऊ नका, सिस्टर," हे त्यांचं पहिलं वाक्य. त्याच क्षणी मला टेन्शन आलं.

जालना–राजूर–भोकरदन हा रस्ता बहुतेक चांगला आहे. राजूर सोडलं की थोड्या वेळात पूर्णा नदी आणि केदारखेडा लागतं. स्वतःची गाडी नसेल तर एस.टी. मिळते, वडाप जीपही मिळतात, पण गुडघे कुणाच्या तरी पोटात घालून बसायची तयारी हवी. दोन्ही बाजूंना मका, कपाशी, मिरची. पुलावरून पाणी बघताना मी म्हटलं, "एवढ्या गढूळ पाण्यात डोळे धुतात का हो लोक?" बाबूभाई म्हणाले, "सिस्टर, आधी नदी तर बघा."

केदारखेड्याच्या समाजमंदिरात तपासणी होती. पंचफुलाबाई तिथे भेटल्या.

रांगेत त्या नव्हत्याच. सुनेला, संगीताला, चष्म्याचा नंबर काढायचा होता, तिच्याबरोबर आल्या होत्या. काठीसारखी सरळ बाई. उजवा डोळा पांढराफटक. कधीतरी जोंधळा काढताना धाट लागलं आणि तो गेला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पार पिकलेला. समोर बोटं धरली तर हलतात एवढंच कळायचं.

मी म्हटलं, "मावशी, तुमचंही बघू या."

"माझं काई न्हाई बघायचं," त्या म्हणाल्या. "दोन खेपा लोक येऊन गेल्ते. दोन्ही खेपा म्या न्हाई म्हणले. एक गेलाय. हाये त्याच्यात उजेड तरी कळतो. तेबी गेला तर तुमी येनार का मला हाताला धरायला?"

संगीताने बाजूला घेऊन सांगितलं. सासूबाई वाकळा शिवतात. जुन्या लुगड्यांची गोधडी, तिला इकडे वाकळ म्हणतात. आसपासच्या गावांतून कापडं यायची. बाळंतिणीला वाकळ हवी तर पंचफुलाबाईंचीच, असा लौकिक होता. आता सुई ओवता येत नाही, टाका दिसत नाही, अर्धी शिवलेली वाकळ पेटीत पडून आहे. "लई दिवस झाले, कुनाशी बोलत बी न्हाईत. पेटी उघडायच्या आन् बंद करायच्या, एवढंच."

एकुलत्या एक डोळ्याचं ऑपरेशन म्हटलं की आम्ही वॉर्डवालेही दहादा विचार करतो. शंभरातली नव्व्याण्णव ऑपरेशनं चांगली होतात हे खरं, पण या बाईला शंभरावं परवडणारं नाही. डॉ. फरीदांनी तपासलं, मोतीबिंदूच्या मागचा पडदा चांगला असावा म्हणाल्या, करण्यासारखं आहे म्हणाल्या. तरी पंचफुलाबाईंची मान नाही ती नाहीच. आणि मग मी, जी बाई स्वतःच्या गॅसची खात्री देत नाही, ती त्यांचा हात धरून म्हणाले, "मावशी, माझ्यावर सोडा. तुमचा डोळा ही माझी जबाबदारी."

त्यांनी माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग म्हणाल्या, "बराबर. जिम्मेदारी तुमची."

परतीच्या वाटेवर मी थिएटरचं सामान पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

ऑपरेशन जालन्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात झालं. मी थिएटरमध्ये होते, सगळं नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. मी हात धुतले, परत धुतले. पट्टी काढली. डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. पंचफुलाबाईंनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, वरपासून खालपर्यंत.

"आगं बया! मला मावशी-मावशी करून राह्यल्या आन् तुमी तर माझ्याच वयाच्या!"

अख्खा वॉर्ड हसला. मी हसता हसता रडले. लाज वाटली नाही.

मग घरी जाणाऱ्यांना सूचना द्यायचं काम माझं. हे मी आयुष्यभर केलंय, झोपेतही म्हणून दाखवीन. डोळ्याला पाणी लावायचं नाही. चोळायचं नाही. चुलीच्या धुरात बसायचं नाही. काळा चष्मा काढायचा नाही. औषध टाकण्याआधी हात साबणाने धुवायचे. गावात कुणाचे डोळे आले असतील तर त्यांच्या जवळ जायचं नाही. हे औषध फार चांगलं आहे, भारी आहे, महिनाभर टाकायचंय, एक थेंबही वाया घालवायचा नाही. प्रत्येकाकडून म्हणवून घेतलं. पंचफुलाबाईंनी तर शाळेतल्यासारखं म्हणून दाखवलं.

मधले दोन-तीन दिवस आम्ही इतर गावं केली. मंगळवारी केदारखेड्याची फेरी होती, ऑपरेशन झालेल्यांना घरी जाऊन बघायचं. सकाळपासूनच माझा उजवा डोळा लवत होता. बायकांचा कुठला लवला की वाईट हे काही केल्या आठवेना.

पंचफुलाबाईंची गल्ली बौद्धवाड्यात. निळा झेंडा, पुढे विहाराचा ओटा, दारोदारी मिरचीची रोपं. आत शिरलो आणि माझे पायच थबकले. ओट्यावर बसलेल्या पोरीचे डोळे लालभडक. शेजारच्या दारातल्या बाईचे लाल. कोपऱ्यावरच्या आजोबांचे लाल. अख्ख्या गल्लीचे डोळे आले होते.

"जय भीम, या या, सिस्टरबाई!" पंचफुलाबाई दारातच उभ्या. काळा चष्मा घातलेला. मला जरा हायसं वाटलं. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पत्र्याची पेटी, पेटीवर स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली औषधाची बाटली. मी बाटली हातात घेतली. हलवली.

रिकामी. तळाला चुकून राहिलेला थेंब.

"मावशी, सांडलं का औषध?"

"सांडंल कशाला?" त्या दुखावल्या. "तुमी सांगितल्तं ना, एक थेंब वाया जाऊ द्यायचा न्हाई. न्हाई जाऊ दिला. पोरांचे डोळे आले, मंग सगळ्यांच्या डोळ्यांत घातलं. सकाळ-संध्याकाळ. सगळ्यांना बराबर दोन-दोन थेंब."

मी बाटली पुन्हा हलवली. संगीता हळूच म्हणाली, "आत्या दवाखान्यात व्हत्या तव्हा गल्लीनं शेरडं सांभाळली, भाकरी दिल्या. बाहेरून आलं की वानवळा द्यायचा असतो ना. दवाखान्यातून दुसरं काय आनावं?"

वानवळा. शेतातली पहिली भाजी, पहिली कणसं, बाहेरगावाहून आलेला खाऊ, जे काही घरात येईल त्यातलं शेजारी पाठवायचं. माझ्या आजोळीही होतं की हे! उभ्या आयुष्यात शेकडो लोकांना मी सूचना दिल्या, त्यात 'ही बाटली दुसऱ्याला देऊ नका' हे वाक्य नव्हतं. कधी डोक्यातच आलं नाही. सगळ्यांच्या आलेल्या डोळ्यांना टेकलेलं बाटलीचं तेच तोंड, आणि तीच बाटली या बाईच्या नुकत्या कापलेल्या डोळ्याला.

"चष्मा काढा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

डोळा लाल होता. पाणी गळत होतं. पापणी सुजायला लागली होती.

"दुखतंय?"

"जरा टोचतंय. आन् काल दिसत व्हतं तसं आज न्हाई. म्हणलं तुमी येनारच, तव्हा सांगू."

आणि मग माझा तोल सुटला. सांगायला लाज वाटते, पण मी त्यांच्या दारात उभी राहून ओरडले, "अहो, एकुलता एक डोळा आहे तुम्हाला! वाटायला मिळाला होता का तो?"

 पंचफुलाबाईंचा आवाज मात्र चढला नाही.

"एकच हाय म्हनूनच दिलं. डोळा गेला की काय व्हतं ते या गल्लीत माझ्याबिगर कुनाला ठाव हाय?"

मी रिकामी बाटली पुन्हा फडक्यात गुंडाळली. 

डॉ. फरीदांना फोन लावला. "ताबडतोब आणा. वाटेत काही टाकू नका. जंतू आत शिरले असतील तर एक-एक तास मोलाचा आहे." मी पंचफुलाबाईंना गाडीत बसवलं, संगीता शेजारी. बाबूभाईंनी चावी फिरवली आणि पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावर आठी दिसली.

"सिस्टर, आज अंगारकी हाय."

राजूरच्या गणपतीची अंगारकी म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, तुम्ही माहीत करून घ्या. मंगळवारी चतुर्थी आली की जालन्यापासून लोक पायी येतात. दर्शनाला जायचं असेल तर जरूर जा, पेढे घ्या, फराळाची सोय जागोजागी असते. पण त्या दिवशी त्या रस्त्याने घाईचं काम काढू नका. राजूरच्या अलीकडेच गाडी मुंगीच्या पावलाने चालायला लागली आणि मग थांबली. पुढे माणसंच माणसं. फुगेवाले, नारळवाले, खांद्यावर पोरं घेतलेले बाप, अनवाणी बायका.

गाडीत पंचफुलाबाई डोळा मिटून बसलेल्या. माझा हात त्यांच्या हातात. कुणी कुणाला धरलं होतं सांगता येत नाही. डोक्यात एकच, जिम्मेदारी तुमची, जिम्मेदारी तुमची. या वयात मला कुणी सांगितलं होतं? घरी बसून लोणची घातली असती. केनियाला गेले असते तर तिथेही असंच कुणाचं तरी वाटोळं केलं असतं.

बाबूभाई दार उघडून उतरले आणि गाडीपुढे चालत ओरडायला लागले, "पेशंट हाय! डोळ्याचं पेशंट! जरा बाजूला, माऊली, जल्दी!" गाडी कोण चालवणार? संगीता म्हणाली, "म्या ट्रॅक्टर चालवते." आणि पुढच्या सीटवर गेली. मी डोळे घट्ट मिटले. मग कळलं की गाडी हलतेय. लोकांनी वाट केली होती. अनवाणी चालणारी एक बाई काचेशी वाकली, आत बघून हात जोडून म्हणाली, "बाप्पा, हिचा डोळा सांभाळ रे."

पंचफुलाबाई डोळा मिटूनच म्हणाल्या, "आमी काई गनपतीचे न्हाई. पन वाट दिली. भलं व्हवो तिचं."

रुग्णालयात यंत्रासमोर त्यांची हनुवटी टेकवली आणि डॉ. फरीदा बघत राहिल्या. बघतच राहिल्या. मी त्यांचा खांदा बघत होते, खांदा जरा जरी पडला तर समजायचं. शेवटी त्या मागे सरल्या.

"डोळे आलेत, बाहेरून. आत आज तरी स्वच्छ दिसतंय. उद्याचं उद्या."

भरती केलं. तासातासाला औषध. ते मी टाकत होते, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी सूज वाढली. नाश्ता न करताच मी लॉजवरून निघाले. समोरच्या सुशील्याच्या गाडीवाल्याने विचारलंसुद्धा, "काय सिस्टर, आज न्हाई का?" तिसऱ्या दिवशी सूज थोडी उतरली, पण नजर धूसरच. त्यातच आमची परतीची गाडी.

मधल्या काळात डॉ. फरीदा गल्लीत जाऊन आल्या. प्रत्येकाला तपासून ज्याची त्याची वेगळी बाटली दिली. बाटल्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून संगीताने प्रत्येकीला सासूच्या पेटीतली वेगळ्या रंगाची चिंधी बांधली. पंचफुलाबाईंची लाल.

निघताना त्या खाटेवर बसल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, मला माफ करा."

"माफी कशाची? डोळा गेला तर भांडायला येईन मी नाशिकला. पत्ता संगीताजवळ देऊन ठेवा."

पत्ता दिला. आणि ठरलं, दर वेळी थेंब टाकला की संगीताने मला मिस कॉल द्यायचा. उचलायचा नाही. वाजला म्हणजे थेंब पडला.

घरी आले. चाकांची बॅग दारामागे तशीच उभी केली. सकाळी फोन वाजायचा, दुपारी वाजायचा, संध्याकाळी, झोपायच्या आधी. ह्यांनी त्याला 'केदारखेडा घड्याळ' नाव ठेवलं. जरा उशीर झाला की मी स्वयंपाकघर ते बाल्कनी फेऱ्या मारायची. मध्येच जालन्याच्या रुग्णालयात पुन्हा तपासणी झाली आणि डॉ. फरीदांचा निरोप आला, सूज पूर्ण गेली, पडदा ठीक, पण नीट किती दिसतंय ते जवळच्या कामाचा चष्मा लागल्यावरच खरं कळेल. म्हणजे अजून वाट बघा. थेंब कमी होत गेले तसे मिस कॉलही कमी झाले, दिवसाला दोन, मग एक.

लोक विचारतात, जावं का अशा शिबिराला? जावं. पण आपण काहीतरी द्यायला निघालोय या तोऱ्यात जाऊ नका. तिथे देण्याच्या त्यांच्या रीती आधीपासून आहेत आणि त्या विचारून घ्याव्या लागतात. माझ्या सूचनांत आता पहिलं वाक्य हे आहे: ही बाटली तुमची एकट्याची, याचा वानवळा द्यायचा नाही. शेजाऱ्याचे डोळे आले तर आम्हाला कळवा, त्याला त्याची देऊ.

परवा संध्याकाळी मिस कॉल आला नाही. शेवटच्या थेंबांचे दिवस, चष्माही त्याच आठवड्यात मिळायचा होता. दिवेलागण झाली. मी दूध उतू घालवलं. शेवटी न राहवून मीच फोन लावला. वाजत राहिला. तोडणार तेवढ्यात उचलला गेला. संगीता नव्हती.

"मावशी? थेंब टाकला का? डोळा बरा आहे ना? काय झालं, बोला!"

"थांबा वं, सिस्टरबाई," पंचफुलाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "सुई ववून राह्यले. बोलू नका."

 ह्यांनी टी.व्ही.चा आवाज बंद केला. फोनमधून कुठलंसं शेरडू ओरडत होतं, पोरं खेळत होती. मी श्वास धरून उभी, ओट्याला टेकून, दूध जळल्याचा वास घरभर.

"ववली," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.